समुद्रकिनारी दोघंच, निवांत : तुमचे अनुभव लिहा

उंबरठा :
शेजारचा नवरदेव काल लॅपटॉप उघडून बसला आमच्याकडे. अंदमानचं एक्सेल शीट. तासातासाचे रकाने, वर रंग. "काकू, ह्यात अजून काय बसेल?" म्हटलं, बाबा रे, झोप बसते का बघ आधी.

मग आमचं हॅवलॉक आठवलं. नाव आता स्वराज द्वीप, पण बोटीवर जो तो हॅवलॉकच म्हणत होता. पोरं आईकडे सोडलेली. यादीत बाराटांगही होतं. तिथल्या चुनखडीच्या गुहा बघायच्या तर जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जावं लागतं, गाड्या ताफ्यानेच सोडतात, आणि पहिला ताफा गाठायला पोर्ट ब्लेअरहून पहाटे तीन-साडेतीनला निघायचं. ह्यांनी गाडीवाल्याला फोन करून सरळ नको सांगितलं. मी बघतच राहिले! एरवी हा माणूस भरलेल्या पैशाचं जेवणसुद्धा सोडत नाही.

पाच नंबरच्या किनाऱ्यावर खोली होती. ओहोटीला पाणी पार लांब जातं, पोहायचा प्रश्नच मिटतो. मग बसा. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य गुडूप, सहाला मिट्ट काळोख. घड्याळ आपलंच, पण ही बेटं पडली किती पूर्वेला. टीव्ही नाही, नेटवर्क नावाला. पायरीवर शंख पाठीवर घेतलेले खेकडे चढायचे. आम्ही बॅटरी लावून पैज लावायचो, कुठला आधी वर पोचतो. अर्ध्या पायरीवर एखादा शंखात शिरून बसला की ह्यांची चिडचिड. हरेल त्याने स्वयंपाकघरापर्यंत जाऊन चहा सांगायचा. अशाच एका रात्री ह्यांनी विचारलं, "तुला नक्की काय आवडतं गं जेवायला?" मुलगा तेव्हा दहावीत होता, बोला!

लिहा तुम्हीपण. कुठलाही समुद्र चालेल.

झणझणीत :
मग काय सांगितलंत?? जेवायला??

उंबरठा :
गरम वरणभात आणि कुणीतरी वाढलेला. :)

मी_आणि_माझी_छत्री :
सँडफ्लायबद्दल कुणीच कसं लिहीत नाही? दिसत नाहीत, चावल्याचं कळत नाही, दुसऱ्या दिवशी पायभर पुरळ आणि आठवडाभर खाज. नवरा हनिमूनभर पाय खाजवत होता. फोटोत कमरेच्या वरच घेतलाय त्याला. खोबरेल तेल फासून बसा, थोडा फरक पडतो.

देवबागचा जावई :
माझी सासुरवाडीच समुद्रावर, त्यामुळे निवांतपणा विसरा. जावई आले की सकाळी बांगडा, दुपारी सुरमई, संध्याकाळी "काहीच खाल्लं नाहीत". मित्रांना वाटतं मी तारकर्लीला मजा मारतो. शेवटी बायको आणि मी स्कूटर काढून संगमाकडे पळतो, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे. पर्यटक त्सुनामी बेटाच्या होड्यांत चढत असतात, आम्ही सुरूच्या सावलीत झोपतो. चक्क झोपतो. घरी सांगतो देवळात गेलो होतो.

झणझणीत :
सासूबाई धागा वाचत असतील तर? हाहा

देवबागचा जावई :
त्या मासे साफ करतायत.

टपालपेटी :
सुरूवरून आठवलं. मॉरिशसला फ्लिक-आँ-फ्लाकच्या किनाऱ्यावर हीच झाडं, तिकडे फिलाओ म्हणतात. बायको म्हणाली, एवढा विमानखर्च करून अलिबागच ना? पण पाणी वेगळं हो. बाहेर प्रवाळाची भिंत, लाटा तिकडेच फुटतात, आत तळ्यासारखं संथ. पोहता न येणारी आमची ही तासन् तास छातीभर पाण्यात उभी. त्यात ढोलपुरी (तिकडची डाळ भरलेली पोळी) विकणाऱ्या आजींशी गप्पा निघाल्या, त्यांचे पूर्वज कोकणातले. मराठी अडखळत, पण आरती तोंडपाठ. गणेश चतुर्थीला तिकडे सरकारी सुट्टी असते. जून-जुलैत जाऊ नका, त्यांचा हिवाळा असतो, वारा फार.

सावकाश :
आमची सांगते पटकन, दूध तापतंय. नील बेटावर होतो. हवा बिघडली, बोटी बंद. पोर्ट ब्लेअरचं विमान चुकलं, परतावा शून्य, फोनवर भांडून घसा बसला. मग फोन उशीखाली टाकला. समोर एका बंगाली काकूंची खानावळ, मासळीचा झोल आणि भात, रोज तेच. पाऊस, झोल, झोप. येताना बोट इतकी लागली ह्यांना की माझ्या ओढणीचं सांगूच नका.

उंबरठा :
अगं बाई! ह्यांनापण लागते. आवळासुपारी ठेवते मी पर्समध्ये.

नुसताच वाचक :
हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याबद्दल कुणी लिहिलंच नाही. सूर्यास्त तिथलाच बघा, तो पश्चिमेला आहे. मगरीच्या सूचनांचे फलक मात्र मनावर घ्या. आणि शंख, प्रवाळ पिशवीत घालू नका, बंदी आहे, विमानतळावर सामानातून काढून घेतात. माझ्यापुढच्या जोडप्याचं तिथेच जुंपलं होतं, "तरी मी सांगत होतो".

मी_आणि_माझी_छत्री :
@देवबागचा जावई, विषयांतर करते, पण तुमच्याकडे सोलकढीला आमसुलं भिजवतात की आगळ?

देवबागचा जावई :
आगळ. नारळाचं दूध जाड घ्या, लसूण-मिरची वाटून त्यातच, आणि गरम अजिबात करू नका, फाटते. मीठ चाखूनच घाला, आगळात असतंच.