लाईव्हला सिंगरचा आवाज रेकॉर्डसारखा का नव्हता?

गिटारवेडा:
शाळेपासून ज्याची गाणी ऐकतोय त्याला एकदाचं स्टेजवर पाहिलं (नाव घेत नाही, इथे लगेच दोन तट पडतील). लाईट गेले, आधी नुसता बेस ड्रम आणि मग हा अंधारातून चालत पुढे आला तेव्हा अंगावर सर्रकन काटा, शेजारचा अनोळखी माणूस माझा खांदा धरून उड्या मारतोय, सगळं झकास. पण माझं सगळ्यात लाडकं गाणं आलं आणि पहिल्याच ओळीत पट्टी रेकॉर्डपेक्षा खाली वाटली, रोज गिटारवर तेच वाजवतो त्यामुळे लगेच कळलं. कडवं बरं गायला, पण वरचा सूर आला की माईक आमच्याकडे आणि आम्ही आपले गळे फाडतोय. त्यात मी स्टेजपुढच्या बॅरिकेडला चिकटून उभा, तिथे ड्रम नि बेस छातीत घुसत होते आणि शब्द गायब. मित्र म्हणतो ही फसवणूक आहे. मला पटत नाही पण उत्तरही देता येत नाहीये. सगळेच असं करतात का?

साउंडवाला:
पट्टी खाली घेण्यात कसली फसवणूक? स्टुडिओत एकच ओळ वाट्टेल तितक्या वेळा गाऊन त्यातली बरी ठेवता येते, टूरवर दिवसाआड दोन-अडीच तास गळा चालवायचा असतो. मेटालिका बँडवाले तर नव्वदच्या दशकापासून लाईव्हला गिटार अर्धा सूर खाली लावतात, किती जणांच्या लक्षात येतं? आणि गळा बिघडला की खेळ खलास, जॉन बॉन जोव्हीला २०२२ मध्ये स्वरतंतूंचं ऑपरेशन करून घ्यावं लागलं.

शब्द ऐकू न येण्याचं म्हणशील तर तू उभा होतास ती जागाच आवाजासाठी वाईट. बेसचे मोठे डबे स्टेजपुढे जमिनीवर असतात, गाण्याचा आवाज ज्यातून येतो ते स्पीकर दोन्ही बाजूंना उंच टांगलेले, म्हणजे बराचसा आवाज तुझ्या डोक्यावरून मागे जातो. मिक्सरवाला माणूस पब्लिकच्या मध्ये बसून तिथे कसं ऐकू येतंय त्यावर बॅलन्स करतो, त्याच्या थोडं पुढे उभं राहून बघ. फार मागेही जाऊ नको, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, शंभर मीटरवर स्क्रीनवरचे ओठ आधी हलतात आणि सूर नंतर पोचतो.

रातराणी:
माईक पब्लिककडे करण्यात तर मजा असते राव. १९८५ च्या लाईव्ह एड कॉन्सर्टला क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी नुसतं ‘ए–ओ’ करतो आणि अख्खं वेम्बली स्टेडियम उत्तर देतं, तिथे कोणी म्हणालं का की फसवलं? मी तर माणूस किती जीव ओततो ते बघते. फू फायटर्स बँडचा गायक डेव्ह ग्रोल २०१५ मध्ये स्वीडनला स्टेजवरून पडला, पाय मोडला, तरी परत येऊन खुर्चीत बसून शो पूर्ण केला, त्या रात्री त्याचा एखादा सूर हुकला असेल तर असेल.

कटकट्या:
रातराणी ताई, फ्रेडीचं उदाहरण इथे बसत नाही. तो आधी स्वतः गाऊन दाखवत होता आणि मग पब्लिकला म्हणायला लावत होता. सूर लागणार नाही म्हणून माईक फिरवणं ही वेगळी गोष्ट, तिथे गिटारवेडाचा मित्र बरोबर आहे असं माझं मत. पट्टी उतरव, चाल बदल, बॉब डिलन तर गाणं इतकं बदलतो की अर्धं होईपर्यंत कुठलं चाललंय तेच कळत नाही, मला तेही चालतं. पण गा बाबा.

रातराणी:
एखाद्या ओळीला माईक दिला तर एवढं काय. सगळी टेप लावून नुसते ओठ हलवणारे असतात त्यांच्यावर बोला की.

मंदसप्तक:
सुराचं सोडा, बॅरिकेडला होतास म्हणतोस तर कानात शिट्टी वाजतेय का अजून? १०० डेसिबलला पंधरा मिनिटांपुढे कानाला धोका धरतात आणि शो दोन तासांचा. एसी/डीसी बँडचा गायक ब्रायन जॉन्सन याला २०१६ मध्ये डॉक्टरांनी पूर्ण बहिरेपणाची भीती घातली तेव्हा टूर अर्धी सोडावी लागली, उरलेले शो गन्स अँड रोझेसच्या ॲक्सल रोझने गायले.

गिटारवेडा:
शिट्टी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती, आता नाही. कानात प्लग घातले तर उरलेसुरले शब्दही जातील ना?

मंदसप्तक:
फोमचे घातलेस तर सगळं गोधडीतून ऐकल्यासारखं लागेल, कारण ते वरच्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे बारीक उंच आवाज, जास्त दाबतात. म्युझिकसाठीचे वेगळे मिळतात, ते सगळंच सारखं कमी करतात, मला तर ते घातल्यावर शब्द जास्त नीट कळतात. गाणं सुरू व्हायच्या आधीच घाल, मध्येच आठवण येत नाही.