मदत हवी आहे: मनगट दुखतंय, दोन भागांचा कीबोर्ड घेऊ का?

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला माझं टायपिंगचं काम आहे. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, दावे, सगळं मराठीत, इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीवर. १४ वर्षं झाली.

दोन महिन्यांपासून उजवा हात बोंबलतोय. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, उठून हात झटकावा लागतो. परवा भाकरी थापताना मनगटातून अशी कळ आली की पीठ तसंच परातीत सोडून बसले. मिरजेच्या डॉक्टरांनी मनगटातली नस दबतेय म्हणून रात्री बांधायला पट्टा दिलाय. टाइप करताना मनगट सरळ ठेवा, म्हणाले. साध्या कीबोर्डवर ते कसं जमायचं? दोन्ही हात मध्ये ओढले जातात आणि मनगटं बाहेर वळतात.

म्हणून दोन भागांचा, मध्ये उंच करता येणारा कीबोर्ड बघतेय. अडचण अशी की इनस्क्रिप्टमध्ये च, ट, ज, ड, य ही सगळी उजव्या करंगळीकडे. बिचारीचा जीव तो केवढा! शिवाय 'व' मी उजव्या हाताने मारते (चूक आहे, माहितीय), आणि दोन भागांच्या कीबोर्डवर ती कळ बहुतेक डाव्या भागात असते.

इनस्क्रिप्टवाल्या कुणी असा कीबोर्ड वापरलाय का? वेग परत यायला किती दिवस लागले? की आधी लॉजिटेक अर्गो के८६० सारखा नुसता वळणदार, एकसंध घ्यावा? सांगली-कोल्हापुरात कुठे हात लावून बघायला मिळेल? न बघता मागवायचं धाडस होत नाही. आणि हो, कळांवर देवनागरी अक्षरं नसली तरी चालतील.