मदत हवी आहे: टापूवरच्या पाऊलवाटेचा खालचा टप्पा टिकत नाही

नमस्कार मंडळी. मी मूळचा शिरपूरचा, गेली चार वर्षं नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेकाठच्या एका पाड्यावर शिक्षक आहे. २०१९ मध्ये सरदार सरोवर पहिल्यांदा काठोकाठ भरलं, आणि आमच्या डोंगराचा माथा तेवढा वर राहिला. तोच आमचा टापू. किराण्यापासून बाळंतिणीपर्यंत सगळं होडीने. रेंज फक्त वरच्या मोहाखाली येते, उत्तराला उशीर झाला तर सांभाळून घ्या.

धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, कमीत कमी ११०.६४. म्हणजे आमचा किनारा एका जागी थांबतच नाही. ऑक्टोबरात होडी वाटेच्या पहिल्या वळणाशी लागते. मे महिन्यात पार खाली, आणि मधे नुसता गाळ नि सुटे दगड. वरचा टप्पा आम्ही राखतो. पाड्यात लाह बोलवायची जुनी रीत आहे, घरटी एक माणूस येतो आणि दिवाळीनंतर दोन दिवसांत दगड बसवून होतात. खाली मात्र लोक नि शेळ्या सरळ उतरतात, तिथे गुडघाभर ओघळ पडलाय.

मागच्या उन्हाळ्यात पोषण आहाराच्या तांदळाचं पोतं आणताना एका पोराचा पाय सरकला. त्याचं ओरखड्यांवर निभावलं, पोतं मात्र फुटलं. दोन आज्या संध्याकाळपर्यंत गाळातून तांदूळ वेचत होत्या. त्याआधी कुठल्याशा योजनेतून सिमेंटच्या पायऱ्या झाल्या होत्या. पहिल्याच पावसात खालची माती गेली, आता त्या अधांतरी लटकतात. पोरांना उड्या मारायला बऱ्या.

खालचा टप्पा कसा करावा? आणि दुसरं, रविवारी होडीने फिरायला येणाऱ्यांकडून वाटेसाठी माणशी काही घ्यावं असं ग्रामसभेत निघालंय. सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल राखायचा नि वापरायचा गावाचा हक्क, मिळालेला आहे. घेता येतं का?

पाणलोटवाला, धुळे:
गुरुजी, खाली पक्कं काही बांधायच्या भानगडीत पडू नका. तो पट्टा दर वर्षी नव्याने आखायचा, असंच धरून चला. सरळ उतरवलेली वाट ही पाण्याचीच वाट होते. तिरकी न्या. चढ दहा टक्क्यांच्या आत, आणि डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी. बांबूची ए-फ्रेम करा, म्हणजे इंग्रजी A सारखा दोन पायांचा सांगाडा, मधोमध ओळंबा. पायांत दोन मीटर अंतर असेल तर खालच्या बाजूच्या पायाला २० सेंटीमीटरचा ठोकळा बांधा. ओळंबा मध्यावर आला की दहा टक्के चढ झाला. वाटेची बाहेरची कड किंचित उतरती ठेवा, पाणी आडवं निघून जाईल. वरच्या टप्प्यात ठिकठिकाणी तिरकी दगडी पट्टी घाला, दगडाचा दोन तृतीयांश भाग जमिनीत. नुसते वर मांडलेले दगड म्हणजे शोभा. आणि वळणांवर काट्या टाका, नाहीतर शेळ्या पुन्हा सरळच जाणार.

वनहक्क_साक्री:
पैशांचं जरा जपून. वनहक्क कायदा २००६, कलम ५ प्रमाणे सामूहिक वनात कोणी कसं यायचं याचं नियमन ग्रामसभा करू शकते. आधी ठराव करा, मग नियम ४(१)(ई) खाली जंगल राखायला ग्रामसभा जी समिती नेमते, तिच्याकडे हिशोब द्या. पण बुडीत पट्टा वनहक्काच्या मंजूर नकाशात आहे का ते बघा. नसेल तर किनाऱ्यावर उभं राहून पावती फाडू नका. जमलं तर आमच्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला चक्कर मारा. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती बातमी सगळ्यांनी वाचली, पण गावाने जंगल राखायचे नियम आपसात कसे ठरवले ते तिथल्या लोकांकडून ऐकायला हवं.

मूळ धागाकर्ता:
दोघांचे आभार. नकाशा काढून पाहिला, बुडीत पट्टा त्यात नाही. तेव्हा पावती वरच्या वळणावरच, तीही ठराव झाल्यावर.

ए-फ्रेमचं पाड्याच्या कारभाऱ्यांना सांगितलं तर ते हसले. म्हणे, "गुरुजी, ओझ्याचा बैल कधी सरळ चढताना पाहिला का?" मग त्यांनीच काठीने गाळात तिरकी रेघ ओढून दाखवली. सातवीच्या पोरांनी फ्रेम लावून मोजली, दोन ठिकाणीच चढ जास्त निघाला.

एक बारीक शंका: वाऱ्याने ओळंबा फार झुलतो. सध्या नदीतला गोटा बांधलाय, तुम्ही काय बांधता?