मदत हवी आहे: 'सॅप'च्या अटीमुळे मुलाची फायनान्शियल एड थांबली, अपील कसं करावं?

शेवंती

नमस्कार मंडळी. आम्ही बरीच वर्षं अमेरिकेत आहोत. मुलगा इथेच जन्मलेला, आमच्याच राज्यातल्या स्टेट युनिव्हर्सिटीत शिकतो. सोफोमोर (दुसरं) वर्ष नुकतंच संपलं आणि त्याला फायनान्शियल एड ऑफिसची ईमेल आली. 'सॅटिसफॅक्टरी अकॅडमिक प्रोग्रेस'च्या (सॅप, म्हणजे अभ्यासातली समाधानकारक प्रगती) अटी पूर्ण होत नाहीत, त्यामुळे फॉलपासून, म्हणजे पुढच्या सेमिस्टरपासून, एड मिळणार नाही. पेल ग्रँट (परत करावी न लागणारी सरकारी मदत), सबसिडाइज्ड लोन (सरकारी सवलतीचं कर्ज), कॉलेजची स्वतःची ग्रँट, सगळंच बंद.

थोडी पार्श्वभूमी सांगते. गेल्या ऑक्टोबरमध्ये ह्यांना स्ट्रोक आला. उजवा हात-पाय गेला, बोलणंही अडखळायला लागलं. माझी नोकरी शिफ्टची, आणि तेव्हा आमच्या घरचा इन्शुरन्स माझ्याच नोकरीवर होता, त्यामुळे रजा लांबवता येईना. मुलगा आधी शनिवार-रविवार यायचा, मग आठवड्यातही यायला लागला. बाबांना थेरपीला नेणं, इन्शुरन्सवाल्यांशी फोनवर भांडणं, रात्री त्यांना कुशीवर वळवणं, सगळं त्यानं केलं. त्या सेमिस्टरला तीन विषय मध्येच सोडावे लागले. स्प्रिंगला राहिलेलं भरून काढायचं म्हणून जड विषय घेतले आणि दोन विषयांत एफ आला.

त्याचे आकडे असे. पहिलं वर्ष: ३१ क्रेडिट घेतले, २७ मिळाले (एक केमिस्ट्री सोडली होती). दुसऱ्या वर्षाचा फॉल: १५ पैकी ६. स्प्रिंग: १४ पैकी ४, उरलेल्यांत ६ क्रेडिटचे एफ आणि ४ क्रेडिटचा डब्ल्यू (मध्येच सोडलेला विषय). जीपीए १.९.

मला कळत नाही ते असं: आधी वॉर्निंग न देता एकदम एड कशी बंद करतात? डब्ल्यू म्हणजे नापास नव्हे ना, मग तो विरोधात का धरतात? मी ऑफिसला फोन केला तर "विद्यार्थ्याशीच बोलू" म्हणाले. अपीलचं पत्र मी लिहिलं तर चालेल का? आणि अपील नाकारलं तर पुढे काय?

ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही. आपल्यामुळे मुलाचं शिक्षण अडलं असं त्यांच्या मनात यायला नको.

ओहायोकर

शेवंतीताई, मी एका कम्युनिटी कॉलेजच्या एड ऑफिसात काम करतो. तुमच्या युनिव्हर्सिटीचं धोरण मी पाहिलेलं नाही, पण त्याचा सांगाडा फेडरल नियमातून येतो आणि तो सगळीकडे सारखा असतो.

सॅपमध्ये तीन गोष्टी बघतात. पहिली जीपीए. दोन वर्षांपेक्षा लांब कोर्स असेल तर दुसरं वर्ष संपताना 'सी' सरासरी, म्हणजे साधारण २.०, किंवा त्या कॉलेजात डिग्री मिळायला लागते तेवढी प्रगती असावी लागते. दुसरी पेस, म्हणजे घेतलेल्या क्रेडिटपैकी किती पूर्ण केले. तिसरी कमाल मुदत: डिग्रीला लागतात त्याच्या १५० टक्के क्रेडिटपर्यंतच एड मिळते. १२० क्रेडिटची डिग्री असेल तर १८० क्रेडिट 'अटेम्प्ट' होईपर्यंत. १८० मध्ये १२० पूर्ण व्हायचे तर दर तिनात दोन पूर्ण व्हायला हवेत. बहुतेक कॉलेजांचा ६७ टक्क्यांचा आकडा इथूनच येतो.

डब्ल्यूमुळे जीपीए खाली जात नाही हे बरोबर. पण क्रेडिट घेतले होते, पूर्ण झाले नाहीत, म्हणून पेसमध्ये तो धरला जातो. सेमिस्टरच्या सुरुवातीच्या ॲड-ड्रॉप मुदतीत सोडलेला विषय मोजत नाहीत, त्यानंतर सोडलेला मोजतात. 'इन्कम्प्लीट'सुद्धा ग्रेड येईपर्यंत अपूर्णच. तुमच्या मुलाचे एकूण ६० घेतलेले, ३७ मिळालेले. ६१.७ टक्के. म्हणजे पेस आणि जीपीए दोन्हीत तो थोडक्यात खाली आहे. कमाल मुदतीची काळजी आज नाही, १२० क्रेडिटची जागा शिल्लक आहे आणि त्याला ८३ हवेत.

वॉर्निंगबद्दल तुमचा राग समजू शकतो. जे कॉलेज दर सेमिस्टरला सॅप तपासतं त्यालाच एका सेमिस्टरची 'फायनान्शियल एड वॉर्निंग' देता येते, आणि त्या काळात अपील न करता एड चालू राहते. वर्षातून एकदाच तपासणाऱ्या कॉलेजला ही वॉर्निंग देण्याची मुभाच नाही. तुमचं कॉलेज वार्षिक तपासणीवालं दिसतंय. माझं स्वतःचं मत विचाराल तर दर सेमिस्टरची पद्धत मुलांच्या जास्त हिताची आहे, डिसेंबरातच कोणीतरी हाक मारतं. पण नियम दोन्हीला परवानगी देतो.

फोनबद्दल: फर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं की रेकॉर्डवर हक्क त्याचा. त्यानं कॉलेजच्या पोर्टलवर संमतीचा फॉर्म भरला की तुमच्याशी बोलतील. आजच भरायला सांगा.

पत्र मात्र त्यानंच लिहायचं. तुमचं एक सोबतचं पत्र जोडता येईल.

निशिगंध

शेवंती, आधी तुझ्या मुलाला शाबासकी दे. एवढ्याशा वयात त्यानं केलं ते लहान नाही.

माझ्या लेकीला दोन वर्षांपूर्वी मोनो (खूप थकवणारा संसर्ग) झाला होता, तेव्हा याच वाटेनं गेलो. आम्हाला उपयोगी पडलं ते कागद. तारखा असलेले कागद. हॉस्पिटलात कधी भरती केलं, कधी सोडलं, थेरपी किती दिवस चालली, आणि त्याच तारखांना तिचे कुठले विषय सुटले, हे शेजारी-शेजारी दिसलं की वाचणाऱ्याला वेगळं पटवावं लागत नाही. डिस्चार्ज समरी आणि रिहॅबचं पत्र दोन्ही जोड. तब्येतीचे बाकी तपशील काळे करून दिले तरी चालतात का हे विचारून घे, आम्हाला चालले होते.

दवबिंदू

समरमध्ये कम्युनिटी कॉलेजात दोन विषय करून टाकू दे. स्वस्त पडतं आणि जीपीए वर जातो.

ओहायोकर

दवबिंदू, अर्धं बरोबर. बाहेरून आणलेले क्रेडिट स्वीकारले गेले की ते 'घेतलेले' आणि 'मिळालेले' अशा दोन्ही बाजूंना जमा होतात, म्हणून पेस सुधारतो. पण बहुतेक युनिव्हर्सिट्या बाहेरची ग्रेड आपल्या जीपीएमध्ये धरत नाहीत. आणि नाव नोंदवण्याआधी आपल्या युनिव्हर्सिटीची लेखी परवानगी हवी, नाहीतर क्रेडिट लागू होत नाहीत. पैसे खिशातून जातील हेही लक्षात ठेवा.

शेवंतीताई, तुमच्या आकड्यांवर मांडून बघू. समरमध्ये ६ क्रेडिट आणले तर ६६ पैकी ४३, म्हणजे ६५.२ टक्के. तेवढ्यानं भागत नाही. पण समर सोडून दिला आणि फॉलला फक्त १२ क्रेडिट घेऊन सगळे पास केले तर ७२ पैकी ४९, म्हणजे ६८ टक्के. एका सेमिस्टरमध्ये पेस ठीक.

जीपीए: डब्ल्यू सोडून ४३ क्रेडिटवर १.९, म्हणजे साधारण ८२ ग्रेड पॉइंट (क्रेडिट गुणिले ग्रेड). फॉलच्या १२ क्रेडिटनंतर २.० व्हायला ११० लागतात. म्हणजे १२ क्रेडिटमधून २८ पॉइंट, सरासरी २.३३. सगळीकडे सी-प्लस (२.३) मिळाला तर अगदी केसानं हुकेल. बी-मायनस मिळाला तर बसतो. म्हणून फॉलला १६-१७ क्रेडिट घेऊन "भरून काढतो" हा विचार त्यानं यावेळी अजिबात करू नये. १२ क्रेडिट, झेपणारे, आणि त्यात एफ आलेले दोन विषय पुन्हा. कॉलेजात 'ग्रेड रिप्लेसमेंट' असेल तर जुना एफ जीपीएमधून निघतो आणि गणित आणखी सोपं होतं. पण सॅपच्या जीपीएमध्येही ते धरतात का, हे एड ऑफिसलाच विचारावं लागेल. पेसमध्ये मात्र दोन्ही वेळचे क्रेडिट 'घेतलेले' म्हणून राहतात.

माळरान

धाग्याशी थोडं जोडून विचारतो. माझा भाचा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर आहे, त्यालाही हे लागू?

ओहायोकर

फेडरल एड एफ-१ वाल्यांना मिळतच नाही, त्यामुळे हा नियम तसा नाही. पण कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या पत्रात जीपीएची अट असते, ती वाचा. आणि विषय सोडण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा. अंडरग्रॅडला १२ क्रेडिटच्या खाली गेलं तर व्हिसाच्या स्टेटसचाच प्रश्न येतो.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. सी-प्लसनं हुकेल हे मुलाला दाखवलं, तो बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसला. संमतीचा फॉर्म त्यानं भरला.

त्यानं पत्राचा पहिला मसुदा केलाय. दीड पान आहे. बाबांना कसं सापडलं, ॲम्ब्युलन्स, आयसीयू, सगळं आहे. वाचताना मला रडू आवरेना. शेवटी दोन ओळी आहेत: "आता परिस्थिती सुधारली आहे. मी खूप मेहनत करेन." एवढं पुरेल का?

आणि घाबरून विचारते, स्प्रिंगला एकच विषय पास झाला. मिळालेले पैसे परत मागतील का?

ओहायोकर

पैसे परत करण्याचा नियम सेमिस्टर पूर्ण सोडलेल्यांसाठी आहे. ६० टक्के सेमिस्टर व्हायच्या आत सगळे विषय सोडले तर न 'कमावलेली' एड परत जाते. सगळेच एफ आले तरी कॉलेज चौकशी करतं, की मूल वर्गात येत तरी होतं का. त्याचा ४ क्रेडिटचा एक विषय पास झाला, म्हणजे त्यानं सेमिस्टर पूर्ण केलं असंच सहसा धरतात. त्या एका विषयानं मोठं संकट टाळलं.

आता पत्र. नियम दोन प्रश्नांची उत्तरं मागतो: तेव्हा का जमलं नाही, आणि पुढच्या तपासणीपर्यंत जमेल असं आता काय बदललंय. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, स्वतःचा आजार किंवा दुखापत, आणि इतर खास परिस्थिती ही अपीलची कारणं. वडिलांचा स्ट्रोक आणि घरची जबाबदारी 'इतर'मध्ये बसते, शंका नको. पण समितीची खरी नजर दुसऱ्या प्रश्नावर असते, आणि तिथेच त्याच्या दोन ओळी आहेत. पहिला भाग एका परिच्छेदात आणा, बाकीचं कागद बोलतील. दुसरा भाग वाढवा. बाबांना आता कोण थेरपीला नेतं? तुमची शिफ्ट बदलली का? मुलगा फॉलमध्ये किती वेळा घरी येणार? कुठले १२ क्रेडिट, ट्युटरिंग कुठे, कितीला? आणि "खूप मेहनत करेन" काढून टाका. त्यातून वाचणाऱ्याला काहीच धरता येत नाही.

स्प्रिंगचे दोन एफही झाकायचे नाहीत. बाबा घरी आल्यावर जबाबदारी वाढली आणि त्याच वेळी जड विषय घेतले, हे त्यानं सरळ लिहावं.

निशिगंध

हो, हो. आमच्या लेकीच्या पत्रात अकॅडमिक ॲडव्हायझरबरोबर बसून केलेला सेमिस्टर-वार तक्ता होता. ऑफिसनं नंतर तोच 'अकॅडमिक प्लॅन' म्हणून घेतला. तिला एका सेमिस्टरमध्ये वर येणं शक्यच नव्हतं, पण प्लॅनप्रमाणे चालत राहिली तोवर एड मिळत राहिली.

आणि ह्यांना सांग गं. बाहेरून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळलेलं बरं. शिवाय आता घरी कोण काय करणार हे पत्रात लिहायचं असेल तर त्यांच्याशी बोलावंच लागेल.

शेवंती

काल रात्री ह्यांना सांगितलं. हळूहळू बोलतात आता. म्हणाले, काउंटीची व्हॅन घेईन, थेरपीला त्यानं यायचं नाही. मुलगा म्हणाला रविवारी येईन. तेवढं ठरलं आणि तेच पत्रात घातलं.

ॲडव्हायझरची अपॉइंटमेंट गुरुवारी आहे. एकच राहिलं: नाकारलं तर? एका मैत्रिणीनं पेरेंट प्लस लोन (पालकांनी घ्यायचं फेडरल लोन) सुचवलंय. दुसरीनं सांगितलं की एक सेमिस्टर घरी बसला की आपोआप एड सुरू होते.

ओहायोकर

दोन्ही चुकीचं आहे. पेरेंट प्लस तुमच्या नावावर असलं तरी मुलाचं सॅप ठीक असावंच लागतं. आणि नुसतं घरी बसून सॅप सुधारत नाही, आकडे तिथेच राहतात. वर ज्यानं फेडरल लोन घेतलंय तो अर्ध्या वेळेपेक्षा कमी शिकायला लागला की सहा महिन्यांचा ग्रेस पीरियड सुरू होतो, नंतर हप्ते.

नाकारलं तर आधी कारण लेखी मागा. पुष्कळदा एखादा कागद कमी असतो आणि पुन्हा देता येतो. तेही नाही झालं तर स्वतःच्या पैशानं थोडे क्रेडिट करून अटींच्या वर आला की एड पुन्हा सुरू होते. दुसऱ्या कॉलेजात बदली घेतली तर ते त्यांच्या नियमानं नव्यानं मोजतात, तोही एक मार्ग. प्रायव्हेट लोनच्या कागदांवर मात्र निकाल येईपर्यंत सही करू नका.

आणि हे विसरू नका: फॉलचं बिल अपीलच्या निकालाआधी येऊ शकतं. ते न भरल्यास काही कॉलेजं नोंदवलेले विषय रद्द करतात. अपील दिल्याबरोबर मुलानं बर्सर ऑफिसला (फी-बिलं बघणारं ऑफिस) ईमेल करून "सॅप अपील पेंडिंग आहे" असं कळवावं, आणि मुदतवाढ किंवा पेमेंट प्लॅन मागावा. फोनवर नको, ईमेलच, म्हणजे हातात लेखी राहतं.

शेवंती

हे कोणी सांगितलंच नव्हतं. बिलाची तारीख आत्ताच बघितली, अपीलच्या समितीच्या बैठकीच्या आधीची आहे. आज रात्रीच त्याला ईमेल लिहायला बसवते. गुरुवारनंतर ॲडव्हायझर काय म्हणाली ते इथेच लिहीन.