मिलिटरी हॉस्पिटलच्या सायकियाट्री वॉर्डात काम केलंय, आता पेन्शनवर आलोय, सिव्हिलमध्ये ह्याच लाईनला कसं जायचं?

खानापूरचा_फौजी

नमस्कार मंडळी. गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. आर्मी मेडिकल कोरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो, हवालदार म्हणून पेन्शनवर घरी आलोय. सर्व्हिसमधला बराचसा काळ सायकियाट्री वॉर्डात गेला आणि शेवटी शेवटी छोटा कोर्स करून युनिटमध्ये काउन्सेलर म्हणून पण लावलं होतं.

गोळ्या-इंजेक्शन तर होतंच पण खरं काम वेगळंच असायचं. जवान वॉर्डात आला की युनिटच्या सीओंकडून (कमांडिंग ऑफिसर) त्याच्या वागणुकीच्या रिपोर्टचा एएफएमएसएफ-10 फॉर्म यायचा, त्यात असायचं ड्यूटीत लक्ष नाही, दारू पितो, आणि रात्री सगळा वॉर्ड झोपला की तोच पोरगा माझ्या टेबलाजवळ येऊन सांगायचा की भावानं सातबाऱ्यावरचं नाव काढलंय, बायको माहेरी गेलीय, फोन उचलत नाही. मग ते डॉक्टर साहेबांच्या कानावर घालायचं, त्याच्या घरी फोन लावायचा, बायको बोलत नसेल तर सासऱ्याशी बोलायचं, सुट्टीचं काही होतंय का बघायचं, आणि डिस्चार्ज होऊन परत निघाला की युनिटच्या सुभेदार साहेबांना सांगायचं की ह्याला हत्यार देऊन एकट्याला गार्डला उभं करू नका. हे काम मला मनापासून आवडायचं, अजून काही पोरांचे फोन येतात.

आता घरी आल्यापासून जो तो सांगतोय बँकेत गार्डची जागा आहे, एटीएमला आहे, वडील म्हणतात मिळतंय ते धर. मला ह्याच लाईनला राहायचंय. नेटवर शोधलं तर मिलिटरी क्लिनिकल सोशल वर्करचं सगळं अमेरिकेचंच येतंय. शिक्षण बारावी सायन्स, आणि आर्मीचं ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट आहे. त्यावर डायरेक्ट एमएसडब्ल्यू (सोशल वर्कची मास्टर्स डिग्री) होईल का, आणि झाल्यावर आपल्या भागात नोकरी आहे का, जाणकारांनी सांगावं.

वॉर्ड_ते_वाडी

दादा, मी बेळगाव जिल्ह्यातच सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे, जरा सविस्तरच लिहिते कारण ह्या बाबतीत अर्धवट माहितीवर लोकांची वर्षं वाया गेलेली बघितलीत.

पहिलं अमेरिकेचं डोक्यातून काढा. तिकडं आर्मीतला क्लिनिकल सोशल वर्कर हा ऑफिसर असतो, सोशल वर्कमध्ये मास्टर्स आणि एखाद्या राज्याचं लायसन्स त्याच्याकडं आधीच असतं, त्यामुळं युनिफॉर्म उतरवला तरी त्याच लायसन्सवर तो हॉस्पिटलात लागतो. माजी सैनिकांसाठी त्यांचं वेगळं सरकारी खातं आहे तेही हजारोंनी सोशल वर्कर घेतं. आपल्याकडं तुम्ही जे केलं ते त्याच जातीचं काम आहे पण तुमच्या कागदावर नर्सिंग असिस्टंट लिहिलंय, आणि सिव्हिलमध्ये कागद बघतात.

आता सर्टिफिकेटचं. दहावी पास आणि पंधरा वर्षं सर्व्हिस झाली की जे ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट मिळतं ते केंद्राच्या ग्रुप सी नोकरीत माजी सैनिकांच्या राखीव जागांना अर्ज करायला चालतं. ती युनिव्हर्सिटीची डिग्री नव्हे, एमएसडब्ल्यूला ऍडमिशन घेताना खरी पदवीच लागते. म्हणजे तुम्हाला आधी बीए करावं लागणार, इग्नूतून घरी बसून होतं, सोशिऑलॉजी नाहीतर सायकॉलॉजी घ्या. मग एमएसडब्ल्यू दोन वर्षं, ते आपल्या राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटीत आहे, धारवाडला कर्नाटक युनिव्हर्सिटीत आहे, तिकडं कोल्हापूरलाही आहे. एमएसडब्ल्यू शक्यतो रेग्युलर करा, फील्डवर्क दुसऱ्याच्या देखरेखीखाली झालं पाहिजे, त्यातच माणूस तयार होतो.

त्याच्या पुढं, 'सायकियाट्रिक सोशल वर्कर' हे नाव लावायचं असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्याख्याच दिलीय, एमएसडब्ल्यू आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल, तेही क्लिनिकल ट्रेनिंगसह. ते शिकवणाऱ्या मानसिक आरोग्याच्या संस्था म्हणजे बेंगळूरचं निम्हान्स आहे, आपल्याला जवळ धारवाडचं डिमहान्स. बाकी विषयांचं एमफिल यूजीसीनं बंद केलं तेव्हा क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क अशा दोघांना 2025-26 पर्यंत मुभा दिली होती, म्हणून तुमची वेळ येईल तेव्हा कोर्सचं नाव काय आणि तो कायद्यात बसतो का हे युनिव्हर्सिटीकडून लेखी घ्या. एजंटच्या तोंडावर जाऊ नका.

म्हणजे सगळं मिळून सात वर्षं. ऐकून घाबरू नका, एमएसडब्ल्यूवरच बरीच दारं उघडतात. मोठ्या हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर, एचआयव्ही तपासणी आणि सल्ल्याच्या आयसीटीसी सेंटरला काउन्सेलर, व्यसनमुक्ती केंद्र. एमफिल झालं तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, त्यात सायकियाट्रिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, नर्स अशी टीम असते. पोस्टिंग बहुतेक कॉन्ट्रॅक्टवर, पगार तुमच्या सर्व्हिसमधल्या पगारापेक्षा कमी, हे आधीच सांगते. पण तुमच्याकडं पेन्शन आहे, आमच्यासोबतच्या पोरा-पोरींना ती सोय नसते म्हणून कितीतरी चांगली माणसं ही लाईन सोडून गेली.

सुभेदार_निपाणी

ताईंनी बरोबर लिवलंय. हवालदार साहेब, मी इन्फंट्रीचा, मराठा लाईट इन्फंट्री, सेंटर आपल्या बेळगावलाच. घरच्यांचं मनाला लावून घेऊ नका, आमच्याकडं पेन्शनर म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं गार्डच येतोय. पण पहिलं वर्ष रिकामं बसू नका एवढंच सांगालोय. मी स्वतः बघालोय आमच्या भागात, पेन्शनवर आलेला माणूस पहिलं वर्ष घर बांधण्यात घालवतोय, दुसऱ्या वर्षी कँटीनचा कोटा आणि पारावरच्या गप्पा, तिसऱ्या वर्षी बायको येऊन रडतीय. तिकडं तुमच्या खानापूर साईडला गोव्याची स्वस्त दारू, इकडं आमच्याकडं तंबाखूवाल्यांचा पैसा, प्यायला निमित्त लागत नाही.

काम काय करायचं ते सांगतो. बेळगावच्या जिल्हा सैनिक बोर्डात नाव नोंदवा, डीजीआरचे (माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचं खातं) कोर्स निघतात ते विचारा, आणि ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकच्या कॉन्ट्रॅक्ट जागांवर नजर ठेवा, तिथं माजी सैनिकांना प्राधान्य असतंय आणि तुमचा मेडिकलचा ट्रेड आहे. तिथं बसला की जिल्ह्यातला निम्मा पेन्शनर तुमच्या ओळखीचा होणार. बीए चालू ठेवून हे होतंय. गार्डची नोकरी वाईट नाही, पण बारा तासाची ड्यूटी करून अभ्यास होत नाही, तेवढं बघा.

कावेरी_एच

मी एका फौजीची बायको. तुमचं वाचून थांबता आलं नाही म्हणून लिहिते. मिस्टर पेन्शनवर आले तेव्हा मेडिकलला एस-2, म्हणजे मानसिक तब्येतीची खालची श्रेणी, लिहून आले, तेव्हा आम्हाला कुणी सांगितलंच नाही ते काय असतं, मला वाटलं डोळ्याचं काहीतरी. नंतर झोप नाही, पोरांवर हात, फटाका वाजला की बाहेर जाऊन उभे. डॉक्टरकडं चला म्हटलं की म्हणतात मला वेडा समजतेस काय. सासूबाई देवाचं बघून आल्या, मी अडवलं नाही, त्यांचीही माया आहे. पण एक सांगते, त्यांच्या बॅचचा एकजण घरी आला होता, तास-दोन तास अंगणात बसून दोघं बोलले, त्या रात्री माणूस जेवून झोपला. डॉक्टरचं ऐकणार नाहीत पण फौजीचं ऐकतात. तुमच्यासारखा माणूस तालुक्याला एक तरी पाहिजे. कितीही वर्षं लागू देत, शिका.

वॉर्ड_ते_वाडी

कावेरीताई, 14416 वर फोन लावा, टेली मानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालंय, दिवस-रात्र चालू असतं, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं. 2023 च्या डिसेंबरात पुण्याच्या एएफएमसीमध्ये (आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज) फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी वेगळा सेल पण झालाय. मिस्टर बोलणार नसतील तर तुम्ही बोला, घरच्यांसाठीही आहे ते. आणि पोरांवर हात पडतोय म्हणता, तर लांबवू नका, आजच लावा. तसा प्रसंग आला की आधी पोरांना घेऊन शेजारी नाहीतर माहेरी जा, बोलणं नंतर.

चंदगड_बेळगाव_अपडाऊन

दोन गोष्टी राहिल्या. एक कन्नड. कर्नाटकात सरकारी जागेला कन्नड लागतंच, आणि नोकरीचं सोडा, गोकाक-सौंदत्तीकडची म्हातारी तुमच्यापुढं बसली तर ती कन्नडमध्येच रडणार. फौजीत हिंदीवर भागलं असेल, इथं भागत नाही. दुसरं, तुमचं गाव महाराष्ट्रानं दावा केलेल्या सीमाभागातल्या 865 गावांच्या यादीत असेल आणि पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवता येत असेल तर महाराष्ट्राच्या भरतीला अर्ज करता येतो, सार्वजनिक आरोग्य विभागात समाजसेवा अधीक्षक अशी पोस्टच आहे. सर्व्हिसमध्ये बाहेर होतो त्या काळाचं काय ते मात्र तहसीलदार ऑफिसला आधी विचारून घ्या.

खानापूरचा_फौजी

सगळ्यांचे मनापासून आभार, सर्टिफिकेटचं कळलं ते बरं झालं, मी त्याच्यावरच विसंबून होतो. कावेरीवहिनी, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं, साहेबांना माझ्याशी बोलायचं असेल तर केव्हाही बोलू देत. एक शंका. बीए होईपर्यंत गावात एक खोली आहे तिथं काउन्सेलर म्हणून बोर्ड लावून बसलो तर चालेल का? फी घेणार नाही.

वॉर्ड_ते_वाडी

बोर्ड लावू नका दादा. फी घ्या न घ्या, बोर्ड बघून येणारा माणूस तुमच्यावर जीव टाकून येतो, त्यातला एखादा आत्महत्येचा विचार घेऊन येईल आणि तुमच्या पाठीमागं ना डॉक्टर ना वॉर्ड. आर्मीत रात्री अडलं तर ड्यूटीवरचा एमओ (मेडिकल ऑफिसर) होता, इथं खोलीत तुम्ही एकटे. शिवाय 2021 चा अलाइड हेल्थकेअरचा कायदा आलाय त्यात क्लिनिकल, सायकियाट्रिक, मेडिकल सोशल वर्कर सगळे धरलेत, रजिस्ट्रेशनची पद्धत पुढं घट्ट होत जाणार. आत्ताच नाव खराब करून घेऊ नका.

आणखी एक फरक सांगते, हा फौजीतून आलेल्या माणसाला सगळ्यात जड जातो. तिकडं पेशंटचं तुम्ही साहेबांना सांगायचा, साहेब युनिटला, आणि ते पेशंटच्या भल्याचंच होतं, हत्याराचा प्रश्न होता. सिव्हिलमध्ये 2017 च्या कायद्याच्या 23 व्या कलमानं पेशंटचं गुपित त्याच्या मालकीचं आहे, कुणाच्या जिवाला धोका असेल अशा मोजक्या वेळा सोडल्या तर त्याला न विचारता भावाला सांगता येत नाही, मालकाला नाही, सरपंचाला तर नाहीच. आणि गावात तर विचारणारे दारात येऊन विचारतात, काय म्हणतोय तो, बरा होईल ना, लग्न जमवायचंय. तिथं गप्प बसायला शिकावं लागतं. दुसरं, तिकडं जवान वॉर्डातून कुठं जात नव्हता. इथं पेशंट एकदा येतो आणि ऊसतोडीला निघून जातो, गोळ्या बंद, आणि तुम्हाला ऑर्डर देता येत नाही, त्याच्या आईला, मुकादमाला धरून, त्याला विचारूनच, परत आणावा लागतो. पण सासऱ्याला फोन लावून बायकोपर्यंत पोचणारा माणूस हे करू शकतो, ते कॉलेजात कुणी शिकवत नाही.

खोलीऐवजी असं करा. मनोचैतन्य ह्या कर्नाटक सरकारच्या कार्यक्रमात तालुका हॉस्पिटलला मंगळवारी मानसोपचाराची ओपीडी असते, तिथल्या डॉक्टरांना भेटून मदतनीस म्हणून येऊ का विचारा. पेशंटला बाकावर बसवणं, घरच्यांकडून सगळं विचारून केस हिस्टरी लिहिणं, गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावणं, डॉक्टरांच्या हाताखाली राहून एवढं केलं तरी दोन वर्षांत तुमच्याकडं दाखवायला काम असेल आणि एमएसडब्ल्यूच्या फील्डवर्कला ओळख पण होईल. जाताना डिस्चार्ज बुक, ट्रेडचं सर्टिफिकेट आणि तो काउन्सेलिंगचा कोर्स केल्याचा कागद, तिन्हीच्या झेरॉक्स न्या. आणि बायोडेटात 'सायकियाट्री वॉर्डात ड्यूटी' एवढंच लिहू नका, इथं पहिल्या पोस्टमध्ये रात्रीच्या टेबलाचं जे लिहिलंय ना, तेच नीट लिहून काढा, नावं-युनिट काही न देता. लिहून झालं की मला मेसेज करा, मी बघून देते.