दुपारी २ ते ५ मध्ये निळी स्क्रीन, कोड दर वेळी वेगळा: आधी काय तपासू?

सेलूकर

रामराम मंडळी. घरच्या डेस्कटॉपवर एप्रिल लागल्यापासून निळी स्क्रीन येते. दुकानदार फॉरमॅट मारू म्हणतो, पण त्याआधी नीट तपासायचं आहे. माहिती सविस्तर देतो.

इंटेल आय५-१०४००, एच४१० चा बोर्ड, दोनच रॅम स्लॉट. मूळ रॅम ८ जीबी डीडीआर४ २६६६. फेब्रुवारीत दुसऱ्या कंपनीची ८ जीबी ३२०० वाढवली. २५६ जीबी साटा एसएसडी, डेटासाठी १ टीबी हार्ड डिस्क, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. एसएमपीएस (आतल्या भागांना वीज देणारा डबा) कॅबिनेटसोबत आला तोच, वर ४५० वॅट छापलंय. ६०० व्हीएचा ऑफलाइन यूपीएस. विंडोज ११, सगळे अपडेट टाकलेले. काम टॅलीचं आणि मुलीच्या नीटच्या ऑनलाइन क्लासचं.

कोड लिहून ठेवलेत: मेमरी मॅनेजमेंट, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, आणि एकदाच डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर. ब्लूस्क्रीनव्ह्यूमध्ये मिनीडम्प (क्रॅशच्या नोंदीच्या फाइल्स) उघडले तर कधी एनटीओएसकर्नल, कधी इंटेलचा डिस्प्ले ड्रायव्हर, कधी नेटवर्कचा. विंडोजच्या फाइल्स तपासणारा एसएफसी स्कॅन चालवला, खराब फाइल्स सापडल्या, दुरुस्त झाल्या असं आलं. चार दिवसांनी पुन्हा चालवला तर परत खराब फाइल्स. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये दोन्ही डिस्क गुड दाखवतात.

सकाळी काहीच होत नाही. त्रास दुपारीच. खिडकीत कूलर आहे, कॅबिनेट त्याच्यापासून तीनेक फुटांवर टेबलाखाली. दुपारी व्होल्टेज १९० च्या आसपास उतरतं. पैसे कशावर घालावेत हे कळायच्या आधी कोणत्या क्रमानं तपासू?

उदगीर_बेंच

फॉरमॅट आत्ता मुळीच करू नका दादा. रॅम खराब असेल तर विंडोजच्या सेटअप फाइल्सही त्याच रॅममधून जाऊन एसएसडीवर बसणार. नवं विंडोज पहिल्या दिवसापासूनच बिघडलेलं मिळेल, आणि हातातले मिनीडम्प जातील ते वेगळंच.

तुमच्या पोस्टमधली सगळ्यात मोलाची ओळ एसएफसीची आहे. एसएफसी फाइल रॅममध्ये घेऊन तिचा हॅश (फाइलचा आकडी ठसा) मूळ हॅशशी ताडून बघतो. रॅममध्ये एक बिट जरी उलटला तरी चांगली फाइल खराब दिसते, आणि तिच्या जागी बसवलेली फाइलही बिघडू शकते. डिस्क ठीक असताना दुरुस्तीनंतर पुन्हा नव्या फाइल्स खराब निघत असतील, तर संशय पहिला रॅमवर जातो.

दुसरी खूण कोडची. ड्रायव्हर बिघडलेला असेल तर बहुतेक वेळा तोच कोड आणि त्याच ड्रायव्हरचं नाव पुन्हा पुन्हा येतं. तुमच्याकडे कोड वेगळे, नावंही वेगळी. अशा वेळी ज्याचं नाव डम्पमध्ये आलं त्याचा दोष नसतो, त्या क्षणी बिघडलेली मेमरी त्याच्या वाट्याला आली एवढंच. एनटीओएसकर्नल तर विंडोजचा गाभाच आहे, ते नाव कुठल्याही क्रॅशमध्ये दिसतं. त्याच्यावरून निष्कर्ष काढू नका.

आता क्रम. सुरुवात बॅकअपपासून: टॅलीच्या कंपनी डेटाचं फोल्डर आणि महत्त्वाची कागदपत्रं पेनड्राइव्हवर घ्या. ही कॉपी जुन्या बॅकअपवर चढवू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. या मशीनमधून आत्ता जाणारी फाइल शाबूत असेलच याची खात्री नाही.

मग रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करा. सिक्युअर बूटमुळे सुरू होत नसेल तर बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगमध्ये) ते तात्पुरतं बंद करावं लागेल. त्याआधी डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या. नाहीतर विंडोज ४८ आकडी की मागत बसेल आणि ती हाताशी नसेल तर डेटा आत अडकेल. हे बरेच जण सांगायचं विसरतात.

टेस्ट कधी लावायची हे तुमच्या बाबतीत फार महत्त्वाचं आहे. डीरॅमच्या, म्हणजे या रॅमच्या, पेशीत चार्ज साठवलेला असतो आणि तो सतत गळत असतो, म्हणून तो ठरावीक वेळानं पुन्हा भरावा लागतो. तापमान वाढलं की गळती वाढते. काठावर असलेली पेशी सकाळी २८ अंशात टिकते आणि दुपारी खोली ४० च्या वर गेली, कॅबिनेट आतून आणखी तापलं, की चुकते. म्हणून रात्री किंवा सकाळी टेस्ट पास झाली तरी रॅमला क्लीन चिट देऊ नका. टेस्ट दुपारी १ ला सुरू करा, कॅबिनेटचं झाकण लावलेलं ठेवा, म्हणजे नेहमीचीच परिस्थिती राहील.

आधी दोन्ही रॅम जागेवर ठेवून. एरर आली की थांबवा. लाल रंगातली एक एररसुद्धा जास्तच, 'एवढ्याशा एररनं काय होतंय' असं रॅममध्ये नसतं. मग एकेक रॅम एकटी लावून आधी एका, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये तपासा, किमान चार पास (टेस्टच्या पूर्ण फेऱ्या). वेळ लागतो, अर्धा दिवस धरून चाला. निकाल असा वाचायचा:

एकच रॅम दोन्ही स्लॉटमध्ये चुकते: ती रॅम गेली.
कोणतीही रॅम एकाच स्लॉटमध्ये चुकते: स्लॉट किंवा बोर्ड, क्वचित सीपीयू सॉकेटच्या पिना.
एकेकटी पास, जोडीनं नापास: जोडी जुळत नाही. बायोसमध्ये स्पीड २४०० करून बघा. तरीही चुकली तर एकाच किटमधली जोडी घ्या.

३२०० ची रॅम घेतल्यानं काही बिघडत नाही, पण फायदाही नाही. या सीपीयूवर आणि एच४१० वर ती २६६६ वरच चालते.

बीड_वायरिंग

उदगीरकरांचा क्रम बरोबर आहे. पण डब्ल्यूएचईए सोडून देऊ नका. तो कोड विंडोजच्या मनानं येत नाही, हार्डवेअरनंच चूक कळवलेली असते. सीपीयू, त्याला मिळणारा व्होल्टेज, बोर्ड यांपैकी काहीतरी. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग उघडून डब्ल्यूएचईए-लॉगरच्या नोंदी बघा. तिथेच कर्नल-पॉवर ४१ दिसेल. त्याच्या डिटेल्समध्ये बगचेककोड शून्य असेल तर ती निळी स्क्रीन नव्हती, लाईट तुटली किंवा मशीन गोठून बंद झालं. शून्याखेरीज आकडा असेल तर निळी स्क्रीन. या दोन्हींची गल्लत झाली की माणूस लाईटीच्या दोषासाठी रॅम बदलत बसतो.

एसएमपीएस मोजा, पण तो उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर डीसी राहू शकतो. बाहेरूनच मोजायचं: मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर, चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरमध्ये काळं टोक काळ्या वायरला, लाल टोक पिवळ्याला. १२ व्होल्टची मर्यादा ११.४ ते १२.६. लाल वायरवर ५ व्होल्ट, तिथे ४.७५ ते ५.२५. नुसत्या डेस्कटॉपवर मोजून उपयोग नाही. सीपीयूवर लोड टाका, दुपारी व्होल्टेज उतरलेलं असताना मोजा. लोड टाकल्याबरोबर १२ चा आकडा ११.५ च्या खाली झुकत असेल तर मर्यादेत असला तरी तो एसएमपीएस माझ्या मते बदलण्याच्या लायकीचा झाला.

वॅटवर जाऊ नका. ग्राफिक कार्ड नसलेलं आय५-१०४०० चं मशीन सहसा १५० वॅटच्या आतच राहतं. प्रश्न क्षमतेचा नाही, आतल्या कपॅसिटरच्या दर्जाचा आहे. ते उन्हाळ्यात वाळतात, मग रिपल (डीसी व्होल्टेजमधली थरथर) वाढतो. रिपल साध्या मल्टिमीटरवर दिसत नाही, त्यामुळे आकडे बरोबर आले तरी शंका उरली तर चांगला ८० प्लस ब्रॉन्झचा एसएमपीएस तात्पुरता लावून पाहणं हाच खरा उपाय.

आता अर्थिंग. आपल्याकडे याकडे कोणी बघत नाही आणि मला याचीच जास्त काळजी वाटते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात का? येत असतील तर सॉकेटची अर्थिंग तुटलेली आहे. एसएमपीएसमधले फिल्टर कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले असतात, अर्थिंग नसली की पत्र्यावर मेनच्या निम्मं, ११० च्या आसपास व्होल्टेज दिसतं. मल्टिमीटर एसीवर ठेवून थ्री-पिन सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मोजा. २-३ व्होल्टपर्यंत चालतं. त्यापेक्षा बरंच जास्त असेल तर अर्थिंग सुटलेली किंवा न्यूट्रल ढिला, वायरमनला दाखवा. काळी माती मे महिन्यात भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते, आणि पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग उन्हाळ्यात कामातून जाते. खड्ड्यात मीठ-कोळसा असला तरी उन्हाळाभर अधूनमधून पाणी घालावंच लागतं.

कूलर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर असतील तर आजच वेगळे करा. आणि कॅबिनेट कूलरच्या झोतातून हलवा. त्या हवेत ओल असते, आणि आपल्या धुळीवर ओल बसली की हीटसिंकच्या पात्यांत ब्लोअरनंही न निघणारा थर जमतो, रॅमचे संपर्कबिंदू काळवंडतात.

नांदेड_गोदाकाठ

ड्रायव्हरचा मुद्दा पूर्ण सोडू नका, फक्त तो मागे ठेवा. मेमटेस्ट दुपारच्या वेळीही पास झाली तरच तिकडे वळा: चिपसेट, डिस्प्ले, लॅन यांचे ड्रायव्हर बोर्ड कंपनीच्या साइटवरून घ्या, ड्रायव्हर अपडेट करून देणारी फुकट सॉफ्टवेअर काढून टाका. ड्रायव्हर व्हेरिफायर (ड्रायव्हरवर ताण टाकून तपासणारी विंडोजची सोय) शेवटचा मार्ग. रिस्टोअर पॉइंट घेतल्याशिवाय तो चालू करू नका, तो मुद्दाम क्रॅश घडवतो आणि कधी कधी मशीन बूटच होऊ देत नाही. तेव्हा सेफ मोडमध्ये जाऊन व्हेरिफायर रीसेट करावा लागतो.

रॅम काढताना एक सांगतो. प्लग काढा, मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. खोडरबर वापरायचाच तर पांढरा, मऊ, अगदी हलक्या हातानं. मुलामा पातळ असतो, घासून घासून निघून जातो. कित्येकदा नुसती रॅम काढून परत घट्ट बसवल्यानंच त्रास थांबतो, म्हणून पुसण्याआधी एकदा मेमटेस्टचा निकाल घ्या, म्हणजे दोष संपर्काचा होता की रॅमचा ते कळेल.

आणि सीपीयूचं तापमान बघा, पण एवढं ध्यानात घ्या की सीपीयू तापला तर तो आधी वेग कमी करतो, फारच झालं तर मशीन सरळ बंद पडतं. मेमरी मॅनेजमेंटसारखे कोड नुसत्या सीपीयूच्या तापण्यानं सहसा येत नाहीत. सीपीयूवरची थर्मल पेस्ट बदलली आणि निळी स्क्रीन तशीच, असं होण्याचं कारण हेच.

सेलूकर

सगळ्यांचे आभार. निकाल देतो.

दुपारी दोन्ही रॅम लावून मेमटेस्ट: दुसऱ्या पासमध्ये एरर. जुनी २६६६ एकटी, दुपारभर, चार पास, एकही एरर नाही. नवी ३२०० एकटी दोन्ही स्लॉटमध्ये चुकली, पट्ट्या पुसल्यावरही. एररचे पत्ते जवळजवळ तेच आणि बिटही तोच. तीच रॅम पहाटे लावली तर एक पास पूर्ण झाला, एरर नाही.

१२ व्होल्ट लोडवर ११.८. न्यूट्रल-अर्थ १४ व्होल्ट, पत्र्याला मुंग्या येतात. सध्या जुन्या रॅमवर मशीन चालू आहे, निळी स्क्रीन नाही. पुढे काय करू?

उदगीर_बेंच

तोच पत्ता, तोच बिट म्हणजे त्या रॅममधली पेशीच गेली. एरर विखुरलेल्या असत्या तर व्होल्टेज किंवा संपर्काकडे बघितलं असतं. वॉरंटीसाठी मेमटेस्टच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, रॅमवरचं स्टिकर अजिबात खरवडू नका, बिल सोबत द्या. दुकानदाराला सांगा की टेस्ट गरम असताना, चार पास करायची. थंड बेंचवर एक पास करून 'रॅम ओके' म्हणून ते परत पाठवतील.

आता, खराब रॅम बाहेर आल्यावरच, विंडोज दुरुस्त करा. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पहिल्यांदा डीआयएसएमचा रिस्टोअरहेल्थ, तो संपल्यावर एसएफसी. या क्रमानं, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइल्स उचलतो तो साठा डीआयएसएम दुरुस्त करतो. मशीन रीस्टार्ट करून एसएफसी पुन्हा चालवा, या वेळी काहीच सापडायला नको. मग दोन्ही ड्राइव्हवर चेकडिस्क.

टॅलीचा डेटा जास्त जपून. आधी फोल्डरची कॉपी, मग टॅलीतली रिपेअर सोय, आणि त्यानंतर फेब्रुवारीपासूनची महिनावार शिल्लक बँक स्टेटमेंट आणि जीएसटी रिटर्नशी ताडून बघा. रॅमनं बदललेला आकडा एरर दाखवत नाही, तो खरा असल्यासारखा बसून राहतो. फेब्रुवारीआधीचा बॅकअप असेल तर तो पुसू नका.

बीड_वायरिंग

११.८ ठीक आहे, एसएमपीएसवर आत्ता खर्च करू नका. डब्ल्यूएचईए-लॉगरवर लक्ष ठेवा, नवी नोंद आली तर तेव्हा बघू. पण १४ व्होल्ट आणि पत्र्याला मुंग्या हे घरातल्या माणसांच्या जिवाचं काम आहे, कॉम्प्युटरचं नंतर. मुलगी त्याच मशीनवर बसते. वायरमनकडून मीटरपासून सॉकेटपर्यंत अर्थ वायर तपासून घ्या, मेन स्विचमधला न्यूट्रलचा स्क्रू आवळून घ्या, खड्ड्यात पाणी घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. आकडा उतरला नाही तर नवा इलेक्ट्रोड घाला. सोबत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, आणि तोवर मशीन चालू असताना कॅबिनेटच्या मागच्या पोर्टना कोणी हात लावू नये.