थेफ्ट, बर्गलरी, रॉबरी, डकॉइटी : फरक नेमका कुठे?

प्रश्न : रात्री बंद दुकानाचं शटर उचकटून माल नेला. आत कुणी नव्हतं. एका इंग्रजी बातमीत याला रॉबरी म्हटलंय, दुसरीत बर्गलरी, आणि मराठी मथळ्यात थेट 'दरोडा'. बरोबर काय?

प्रतिसाद : बर्गलरी, मराठीत घरफोडी. रॉबरी माणसाची होते, रिकाम्या दुकानाची नाही. माणसाला मारहाण, अडवणूक किंवा तिथल्या तिथे मार बसेल अशी धास्ती, यांपैकी काहीतरी चोरीसाठी घडावं लागतं. पोलीस तिला जबरी चोरी म्हणतात.

'चोरीसाठी' हा शब्द सोडू नका. खिसेकापूने पाकीट मारलं, मालकाने हात धरला, पाकीट घेऊन निसटण्यासाठी त्याने चाकू चालवला, तर ती जबरी चोरी. पाकीट तिथेच टाकलं आणि केवळ स्वतः सुटण्यासाठी चाकू चालवला, तर चोरी किंवा तिचा प्रयत्न वेगळा आणि दुखापत वेगळी. वकील नेमके इथेच भांडतात.

प्रतिसाद : थेफ्टबद्दल एक गंमत. कायदा मालकी नव्हे, ताबा बघतो. घड्याळजीकडे दुरुस्तीला दिलेलं स्वतःचंच घड्याळ, त्याने मजुरीपोटी अडवून ठेवलेलं असताना गुपचूप उचलून आणलं तर ती चोरी ठरते. हे उदाहरण खुद्द भारतीय दंड संहितेत होतं. शिवाय वस्तू जंगम, म्हणजे हलवता येणारी हवी. उभं झाड चोरता येत नाही, पण ते लबाडीने नेण्यासाठी तोडलं की चोरी झाली.

प्रश्न : मग दरोडा कधी?

प्रतिसाद : डोकी मोजायची. पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे डकॉइटी, दरोडा. जागेवर हजर राहून मदत करणारेही या पाचांत धरले जातात. तिघांनी पिस्तूल रोखून सराफाचं दुकान लुटलं तर मथळ्यात 'सशस्त्र दरोडा' कितीही शोभला, तरी गुन्हा जबरी चोरीचाच. भारतीय दंड संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरी 303, जबरी चोरी 309 आणि दरोडा 310 या कलमांत आहे.

मथळेवाल्यांचा दुसरा लाडका शब्दप्रयोग 'दरोड्याचा प्रयत्न'. पाच जणांनी मिळून जबरी चोरीचा नुसता प्रयत्न केला तरी व्याख्येनुसार तो दरोडाच. याउलट 'दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद' हे अगदी चोख, कारण दरोड्याची तयारी हा स्वतंत्र गुन्हा आहे. साध्या चोरीच्या तयारीला अशी सर्वसाधारण शिक्षा नाही.

इंग्रजीत लिहिताना डकॉइटी भारतीय उपखंडापुरताच ठेवावा. हा शब्द इंग्रजीने इथूनच उचलला. लंडनच्या बातमीत सहा जण असले तरी रॉबरीच लिहायचं.

प्रश्न : घरफोडीला कुलूप तुटायलाच हवं का?

प्रतिसाद : नाही. हरवलेली किल्ली सापडली आणि तिने कुलूप उघडून चोरीसाठी आत शिरला, तरी आपल्याकडे घरफोडी. दाराच्या भोकातून तार घालून कडी काढली, भिंत चढून गेला, माणसांच्या वाटेसाठी नसलेल्या झरोक्यातून शिरला, तरी तेच. उघड्या दारातून सरळ आत येऊन मोबाइल उचलला तर मात्र घरातली चोरी, कलम 305.

इंग्लंडमध्ये हा फरक उरलेला नाही. 1968 च्या थेफ्ट अ‍ॅक्टनुसार चोरीच्या इराद्याने इमारतीत विनापरवाना शिरला की बर्गलरी, दार उघडं असलं तरी. त्याआधी तिथे बर्गलरी रात्रीचीच असे, म्हणजे 9 ते पहाटे 6.

प्रतिसाद : दुकानदारांनी हे नीट वाचावं. बर्गलरी विमा म्हणजे चोरीचा विमा नव्हे. पॉलिसीत बळजबरीने प्रवेशाची अट असेल तर नुसती चोरी त्यात बसत नाही. 2004 साली सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केलं. विमा कंपनी फिर्यादीत आणि पंचनाम्यात तुटलेलं कुलूप, वाकलेलं शटर, कापलेले गज शोधते. म्हणून पंचनामा होईपर्यंत शटर सरळ करू नका, नवं कुलूप लावण्याआधी जुन्याचे फोटो काढा. फिर्यादीत 'माल चोरीस गेला' एवढंच लिहून आलात तर दाव्याच्या वेळी डोक्याला हात लावायची पाळी येते.

प्रश्न : गळ्यातली साखळी हिसकावली तर?

प्रतिसाद : स्नॅचिंग. पूर्वी यासाठी वेगळं कलम नव्हतं, त्यामुळे अनेकदा जबरी चोरीचं लागायचं. आता 304 आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. हिसकावण्यासाठी बाईंना ढकलून पाडलं, मानेला जखम केली, तर जबरी चोरीचं कलम लागू शकतं, तिथे दहा वर्षांपर्यंत. फिर्याद देताना जखम सांगायची राहू नये, ती या कारणाने.

प्रश्न : आणि रिक्षात सापडलेला मोबाइल ठेवून घेतला तर?

प्रतिसाद : तो अपहार. घेताना लबाडी नव्हती, ती नंतर शिरली. मालक कोण ते कळत असताना किंवा सहज शोधता येत असताना तो स्वतःसाठी ठेवला, की गुन्हा झाला.